लासारोच्या घरी वीज जात नाही
बॅटरी जोडून झाली, फेर्मीनने हात पुसले, बटण दाबलं आणि फटकन आवाज होऊन घरभर जळकट वास सुटला.

पलीकडच्या खोलीतून त्याच्या बायकोने, नेरेइदाने विचारलं, "झालं का रे?"

"झालंय. म्हणजे, होतंय," फेर्मीन म्हणाला.

बायामो गावात वीज रोजच जायची, तीही नेमकी कामाच्या वेळेला. नेरेइदा घरी बायकांची नखं रंगवून द्यायची. रंग वाळवायचा दिवा विजेवर, पंखा विजेवर. वीज गेली की गिऱ्हाइकं ओली नखं सांभाळत, हात हवेत धरून ताटकळत बसायची. समोरच्या लासारोचं घर मात्र हॉस्पिटलच्या लाइनवर होतं, तिथली वीज कधी जात नसे. "नेरेइदा, तुझं टेबल माझ्या ओसरीत आण की," असं तो आठवडाभर म्हणत होता. तरुणपणी कार्निव्हलमध्ये नेरेइदा ज्याच्याबरोबर नाचायची, तो हाच लासारो. त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली, पण फेर्मीनला ते परवाचंच वाटे. म्हणून त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, शनिवारपर्यंत दिवा आणि पंखा बॅटरीवर चालवून दाखवतो, कुणाच्या ओसरीत जायची गरज नाही.

आणि आज शुक्रवार. त्याने मुकाट्याने व्होल्ट मोजायचं मीटर काढलं. बॅटरीच्या टोकांवर आकडा भरपूर, पण तिला सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डाच्या पलीकडे शून्य. म्हणजे बॅटरीतले सेल शाबूत होते, कार्ड गेलं होतं. का गेलं ते कळावं म्हणून त्याने कार्डाकडे येणाऱ्या बारीक तारा एकेक करून तपासल्या. प्रत्येक तारेला आकडा थोडा थोडा चढायला हवा. तिसरीपर्यंत तो शहाण्यासारखा चढला, चौथीला त्याने एकदम उडी मारली आणि पाचवीला खाली उतरला. दोन तारांची अदलाबदल झाली होती.

तारा सगळ्या जुन्या टेलिफोनच्या केबलमधून सोलून काढलेल्या, एकाच रंगाच्या. ओळखू याव्यात म्हणून त्याने प्रत्येकीला नेरेइदाच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

"नेरेइदा, जरा बघ गं. हाही लाल आणि हाही लालच ना?"

ती उठून आली. "डोळे आहेत की बटणं? हा पेरूच्या गराचा रंग, आणि हा वाइनचा."

"मग आधी नाही सांगायचं?"

"तू विचारलंस? मला तर खोलीतून हाकललंस."

आता दुसरं कार्ड हवं, आणि अख्ख्या गल्लीत ते एकाच माणसाकडे होतं: इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करणाऱ्या लासारोकडे. फेर्मीन रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन परत आला, पुन्हा गेला. लासारोने कार्ड काढून दिलं, वर कॉफीही पाजली.

"घे. तसंही तुझी बायको इकडे यायची नव्हतीच," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं तिने मला."

फेर्मीन अर्धा कप तसाच ठेवून कार्ड घेऊन निघाला.

तो घरी आल्यावर नेरेइदा ठिपके पाहून त्याला एकेक तार देऊ लागली. त्याने मीटर लावलं; आकडा आता नीट चढत होता.

"लासारोला नाही म्हणालीस, ते मला का नाही सांगितलंस?"

"रिटायर झाल्यापासून त्या खुर्चीतून उठत नव्हतास. धड बोलत नव्हतास. बॅटरीच्या मागे लागलास आणि पुन्हा शिट्टी वाजवायला लागलास. मला बरं वाटत होतं रे म्हाताऱ्या. कशाला मोडता घालू?"

फेर्मीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात काढ, तार हलतेय," ती म्हणाली.

शनिवारी वीज गेली, पण नेरेइदाचा दिवा चालूच राहिला. बातमी गल्लीभर झाली. दुपारपर्यंत घर बायकांनी भरून गेलं. ज्यांना नखं रंगवायची नव्हती त्याही पंख्याखाली बसायला आल्या. फेर्मीनची खुर्ची गेली, पाठोपाठ पलंग गेला, जेवायच्या टेबलावर कुणीतरी बाळ झोपवलं.

"फेर्मीन, जरा बाहेर बसतोस का?" नेरेइदा म्हणाली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याने जरा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग डॉमिनोच्या सोंगट्यांचा डबा काखोटीला मारला आणि रस्ता ओलांडून तो लासारोच्या ओसरीत, पंख्याखाली जाऊन बसला.