उणे पंधरा गुणांचा पाहुणा

आयुष्यात मला कशाचीच खात्री वाटलेली नाही. घराला कुलूप लावले की नाही, हे पाहायला मी कोपऱ्यावरून तीनदा परत येतो. पण शाकाहारी जेवणातले आमच्या घरात माझ्याइतके कुणालाही कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! अकरा वर्षांपूर्वी युरिक ॲसिड वाढले म्हणून डॉक्टरांनी माझे मटण बंद केले. तेव्हापासून आमच्या बिर्याणीच्या घरात मी एकटा दोडका खातो, कव्वालीच्या बैठकीत कानात कापूस घालून बसल्यासारखा.

म्हणून नातू मुज्तबाच्या रिसेप्शनची कामे वाटली गेली, तेव्हा माझा मुलगा रिजवान म्हणाला, "अब्बा, दीडशे लोक व्हेजवाले आहेत. त्यांची मेन भाजी तुम्ही ठरवा. एवढं एकच काम. जमेल ना?"

जमेल ना! छत्तीस वर्षे मी नगर वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. अकरा हजार पुस्तके जागेवर ठेवली. आणि एक भाजी जमेल ना?

आतून बायको कमरुन्निसा ओरडली, "त्यांना नको सांगू रे! पिशवी हिरवी न्यायची का पांढरी, ह्यात त्यांचा अर्धा दिवस जातो!"

मी त्याच क्षणी ठरवले, आता भाजी अशी निवडायची की लातूर जिल्ह्याने लक्षात ठेवावी!

यात माझा एक स्वार्थही होता. त्याचे नाव महादेवप्पा. हे डाळमिलचे निवृत्त मुनीम, माझ्याहून एका वर्षाने मोठे. चाळीस वर्षे रोज सकाळी आठला वाचनालयात येऊन माझ्याआधी पेपर पळवणारे माझे एकमेव मित्र. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाला येतात, पाकीट देतात, गुलाबाचे सरबत पितात आणि न जेवता निघून जातात. सोवळे म्हणावे, तर आमच्या घरी चहाबरोबर पोहे खातात. मग जेवत का नाहीत? हे विचारायचे धैर्य मला चाळीस वर्षांत झालेले नाही.

फक्त एकदा ते स्वतःहून म्हणाले होते, "मकबूलभाई, या वेळी जेवूनच जाणार बघा!" ते रिजवानचे लग्न. त्र्याण्णव साल, ऑक्टोबरची पाच तारीख. आणि तीस सप्टेंबरला भूकंप झाला. मेजवानीचा तांदूळ, तूप, साखर, सगळे ट्रकमध्ये भरून किल्लारीकडे पाठवले. हैदराबादहून मागवलेले पनीर मागवलेलेच राहिले. मैदानातल्या लिंबाखाली चार माणसांत निकाह झाला. महादेवप्पा आले, डोळे पुसले आणि उपाशी गेले. ते जेवण तेव्हापासून राहून गेले आहे.

मुज्तबाची पत्रिका द्यायला गेलो, तेव्हा मी कसेबसे विचारले, "अप्पा, या वेळी जेवणार ना?"

"बघू. तुम्ही काय करून राहिले, त्यावर हाय," ते म्हणाले.

केवढा विनय! मला गहिवरून आले.

शाकाहारी स्वयंपाक उदगीरचा आचारी विरूपाक्ष करणार होता, वेगळ्या मांडवात, स्वतःच्या भांड्यांत. तो फोनवर म्हणाला, "चार सांगतो, एक ठरवा. पनीर मसाला, काजू करी, भरली वांगी, न्हाईतर आपली येसराची आमटी. सोमवारी कळवा." धान्ये आणि मसाले भाजून दळलेले येसर आमच्याकडे पूर्वी प्रत्येक पंगतीत असायचे.

सोमवारी मी त्याला कळवले, "मंगळवारी सांगतो."

त्याच दिवशी मी पाहुण्यांना विचारत सुटलो होतो. पहिला म्हणाला, "काहीही चालेल." दुसरा म्हणाला, "काहीही." तिसरा म्हणाला, "तुम्ही द्याल ते गोड!" अहो, काहीही नावाची भाजी कोणत्या मंडईत मिळते? पावशेर काहीही द्या म्हणू का?

मुज्तबा इथल्याच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. तो हसत म्हणाला, "दादा, हे लातूर आहे. इथं तोंडी विचारलं तर कुणी उत्तर देत नाही. चार पर्याय द्या, गोल रंगवायला द्या. अख्खं गाव मान खाली घालून बसेल!"

मला ते एकदम पटले. प्रश्न एकच पुरला असता, पण हातात पेन आले की मला राहवत नाही. पंचवीस प्रश्न झाले. नमुन्यादाखल सातवा पाहा: 'पनीर हा पदार्थ तुम्हांला (अ) मनापासून आवडतो (ब) लोकांदेखत आवडतो (क) मुले मागतात म्हणून चालतो (ड) खोडरबर वाटतो.' शेवटचा प्रश्न अर्थात मुख्य भाजीचा. मुज्तबाच्या क्लासच्या छापील उत्तरपत्रिका, त्यावर नाव आणि मोबाइल नंबरचे चौकोन. लग्नपत्रिकांबरोबर साठ घरी वाटल्या.

लातूरकर तुटून पडले! एकाने विचारले, "अभ्यासक्रम कुठला?" दुसऱ्याने वेळ किती ते विचारले. एका अपार्टमेंटमधल्या बारा फ्लॅटांची पंचवीसच्या पंचवीस उत्तरे सारखी आली. खाली वॉचमनच्या टेबलावर एकमेकांचे बघून लिहिली होती म्हणे. आवडीनिवडीतही कॉपी!

अठ्ठावन्न उत्तरपत्रिका परत आल्या. गठ्ठ्यावर सर्वांत वर, गोल कसे रंगवायचे ते दाखवायला मी भरलेला माझा बिननावाचा नमुना होता. तो काढायचा राहिला. उत्तरपत्रिका तपासायचे यंत्र चालवणारा पंढरी हा अतिशय कर्तव्यदक्ष माणूस. त्याच्या यंत्राला आधी बरोबर उत्तरे सांगावी लागतात, त्याशिवाय ते हलत नाही. पंढरीने वरचा बिननावाचा कागद घेतला, हीच उत्तरतालिका असे समजून यंत्राला दिला, आणि बटण दाबले.

म्हणजे मला जे आवडते ते बरोबर, बाकी सगळे चूक! बरोबरला चार गुण, चुकीला उणे एक. आणि निकाल आपोआप प्रत्येकाच्या मोबाइलवर!

पहिला फोन तेलाचे व्यापारी मडिवाळप्पा यांचा. "माझ्या बायकोला शंभरात पंचावन्न? तिच्या हातचं वांगं खाऊन कलेक्टर बोटं चाटत गेले! फेरतपासणी पाहिजे मला!"

"अहो, ती परीक्षा नव्हती..."

"मग गुण कशाला दिले?"

मी फोन ठेवला. म्हणजे हातातून पडला.

दुसरा फोन आमच्या गल्लीतल्या पंचफुलाबाईंचा. निवृत्त नर्स, विपश्यनेला जाऊन आल्यापासून शाकाहारी. त्यांना पंच्याण्णव, पहिला क्रमांक. पहिला आला की फलक लावायचा, हे क्लासच्या फलकवाल्याला कायमचे सांगून ठेवलेले. त्याने चौकात पंचफुलाबाईंचा आठ फुटी फोटो चढवला होता, खाली 'यशाची परंपरा कायम'!

"भाऊ, नातू आदर्श दोन वर्षं झाली नीटची परीक्षा देऊन राहिला, अन् फलक माझा लागला!" त्या म्हणाल्या. "आदर्श कालपासून जेवत न्हाई. उतरवा तो फोटो! न्हाईतर..." मग जरा थांबून, "संध्याकाळपर्यंत राहू द्या. बहीण येणार हाय निलंग्याहून."

आणि सकाळी आठला वाचनालयात महादेवप्पा. पेपरला हात न लावता उभे! त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी वाचले: 'प्रिय विद्यार्थी महादेवप्पा, प्राप्त गुण १०० पैकी उणे १५. क्रमांक ५८ पैकी ५८. पालकांनी उद्या कार्यालयात भेटावे.'

"मकबूलभाई, माझा बाप एकसष्ट साली गेला. कुणाला पाठवू?"

"अप्पा, ते यंत्र..."

"एकोणऐंशी वर्षं जेवून राहिलो. सगळं चुकीचंच जेवलो का मी? नापास माणसानं तुमच्या पंगतीला कशाला यायचं?"

आणि ते गेले. त्र्याण्णवसारखी जमीन पुन्हा हलली! तीस वर्षे वाट पाहिलेले जेवण, आणि ते एका यंत्राने हाणून पाडावे? त्याला दात नाहीत, जीभ नाही, आणि ते माझ्या मित्राची चव तपासते? संतापाने माझा चष्मा धुरकटला.

मी तडक क्लासमध्ये गेलो आणि गठ्ठ्यातून महादेवप्पांची उत्तरपत्रिका शोधून काढली. प्रश्न पंचविसावा. अठ्ठावन्नपैकी एकतीस लोकांनी पनीर रंगवले होते, आणि तसे मी विरूपाक्षला कळवूनही टाकले होते. महादेवप्पांचा गोल मात्र होता (ड): येसराची आमटी.

मी विरूपाक्षला फोन लावला. "पनीर रद्द. आमटी करा."

"काका, पनीरची ऑर्डर देऊन झाली!"

"रद्द म्हणजे रद्द!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. नंतर मी त्याला पुन्हा फोन करून सॉरी म्हणालो. पण रद्दच म्हणालो.

रिजवानने कपाळावर हात मारला. "नऊशे लोकांच्या रिसेप्शनला आमटी? नवरी रुखसारचे नांदेडचे लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे!" मी म्हणालो, आणि लगेच दुसऱ्या खोलीत गेलो.

महादेवप्पांच्या दारात मी भाषण पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघाले फक्त, "या ना, अप्पा." ते माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांची सून शिवकांता मात्र का कोण जाणे, माझी नजर चुकवत म्हणाली, "काका, मी घेऊन येते त्यांना. नक्की."

आणि ते आले! औसा रोडच्या मंगल कार्यालयात नांदेडच्या पाहुण्यांनी आमटीला सूप समजून चहाच्या पेल्यांतून प्यायला सुरुवात केली होती. पण माझे तिकडे लक्ष नव्हते. महादेवप्पा पानावर बसले. मी स्वतः वाढले. अर्धी आमटी त्यांच्या धोतरावर गेली. त्यांनी वाटीत बोट फिरवले. तळ पाहिला. मग मांडवभर पाहिले.

"पनीर कुठंय?"

"पनीर? अप्पा, तुम्ही तर आमटीचा गोल रंगवला होता!"

"मी कुठं रंगवला? माझा चष्मा दुरुस्तीला व्हता. सगळे गोल सूनबाईनं रंगवले!"

शिवकांता पापडाकडे पाहत म्हणाली, "काका, डॉक्टरांनी त्यांचं पनीर, काजू सगळं बंद केलंय. म्हणलं, कागदावर तरी पथ्य पाळावं."

महादेवप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे उणे पंधरा माझे न्हाईत? मी नापास न्हाई?" ते अर्धे उठलेच. मग पुन्हा वाटी दिसली आणि खाली बसले. "पण पनीर न्हाईच का? मकबूलभाई, त्र्याण्णवला मी जेवतो म्हणालो ते कशामुळं? हैदराबादचं पनीर येणार व्हतं म्हणून! लातुरात तेव्हा कुणी पाहिलं व्हतं? एरवी तुमच्याकडं व्हेज म्हणजे उकडलेला बटाटा. बटाटा खायला लग्नाला कशाला यायचं? घरी हाय की!"

बटाटा! तीस वर्षे मी ह्या माणसाच्या मैत्रीने भारावून गेलो होतो. वाचनालयाच्या वार्षिक सभेत ह्या वचनाचा दाखला देऊन दोनदा भाषण केले, दोन्ही वेळा रडलो. आणि मुळात काय, तर पनीर! बरे, मलाही पनीरच हवे होते. माझ्या नमुन्यावर पनीरचाच गोल होता. यंत्राला विचारले असते तर त्याने बरोबर सांगितले असते.

महादेवप्पांनी तीन वाट्या आमटी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "आमटी बरी व्हती. पण हे धरायचं न्हाई हां. ते जेवण अजून बाकीच."

आता आमच्या घरातले पुढचे लग्न मुज्तबाच्या मुलाचे. मुज्तबाच्या लग्नाला आज चार दिवस झाले आहेत. मी अठ्ठ्याहत्तरचा, ते एकोणऐंशीचे. विरूपाक्षला मात्र मी लेखी कळवून टाकले आहे: भाजी पनीर, तारीख मागाहून.