पांढऱ्या भाताची शेड

"भाताला चव आणायची म्हणजे काय डोंगर उचलायचाय?" रंगवाल्यांनी भर स्वयंपाकघरात, हातात रिकामं पातेलं धरून मेव्हणीला विचारलं, आणि तिने तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. "अजिबात नाही! भात म्हणजे पांढरा बेस. त्यात काय मिसळायचं ते कळलं की झालं. जन्मभर मी दुसरं केलंय काय?"

हे मात्र खरं होतं. रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांनी जन्मभर शेड मिसळल्या होत्या. गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा पुढे करून 'भिंत अशी हवी' म्हणायचं, आणि रंगवाल्यांनी पांढऱ्या बेसच्या डब्यात थेंब थेंब रंग टाकत हुबेहूब तो अभ्रा काढून द्यायचा. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वयंपाकात त्यांनी कधी हातच घातला नव्हता, तेव्हा तिथेही आपला हात धरणारा कुणी नसणार, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

"भावोजी, तुम्ही चहा ठेवलात तर दूध उतू जातं," मेव्हणी म्हणाली.

"चहाचं वेगळं. त्याला बेसच नसतो!"

मेव्हणी हसली नाही. हसण्याजोगं त्या घरात फारसं उरलंही नव्हतं. रंगवाल्यांची बायको मोठ्या तापातून उठली होती खरी, पण जेवणावरून तिचं मनच उडालं होतं. मऊ पांढरा भात तेवढा दोन घास खायची आणि ताट सरकवायची. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं, तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल." ते ऐकल्यापासून बायकोने रिक्षात, जिन्यात, घरात, कुठेच शब्द काढला नव्हता. आणि ज्या घरात ती गप्प बसते ते घर रंगवाल्यांना ओळखू येत नव्हतं.

इतके दिवस रांधायला येणाऱ्या मेव्हणीला आता स्वतःच्या घरी जाणं भाग होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी परत येते, असं सांगून ती गेली आणि घराची सूत्रं रंगवाल्यांच्या हाती आली.

पहिल्या दिवशी त्यांनी लोणी आणि मिरपूड घेतली. भात वाफाळत असताना लोण्याचा गोळा सोडला, वर मिरी भरडून घातली. इथपर्यंत कुणीही शाबासकी दिली असती. पण पुढे त्यांनी काय केलं? दुकानातल्या शिरस्त्याप्रमाणे वाटीवर झाकण ठेवलं, झाकणावर भाताचा एक ठिपका लावला आणि तो वाळायची वाट पाहत बसले! वाळल्यावर शेड बदलते, हे त्यांना माहीत होतं. भात गार होतो, हे नव्हतं.

बायकोने दोन घास खाल्ले. "छान आहे," म्हणाली आणि वाटी सरकवली.

रंगवाल्यांनी मान हलवली. असली गिऱ्हाइकं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. 'छान आहे' म्हणतात आणि डबा न घेता निघून जातात. याचा अर्थ एकच, शेड पसंत आहे, पण फिकी पडलीय!

दुसऱ्या दिवशी लिंबू पिळलं, वर सालीचा कीस घातला, आणि फिकं पडू नये म्हणून आणखी एक लिंबू पिळलं. त्याच्या पुढच्या दिवशी कांदा लालबुंद तळून टाकला. मग साध्या पाण्याऐवजी भाज्या उकळलेल्या पाण्यात भात शिजवला. मग लसूण. तोही पाकळीने नव्हे, गड्ड्याने! रोज बायको दोन घास घ्यायची, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायची आणि म्हणायची, "छान आहे हो." रोज रंगवाले वाटी परत आणायचे आणि दुसऱ्या दिवशी माप वाढवायचे.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाने एकदा तरी चाखून पाहायचं! पण तिथेच तर घोडं पेंड खात होतं. दुकानात लागले त्या दिवशी म्हाताऱ्या मालकांनी त्यांना दम भरला होता, "जे मिसळशील ते तोंडाजवळ न्यायचं नाही. मरशील!" तेव्हापासून आपल्या हाताने मिसळलेली वस्तू त्यांनी जिभेला लावली नव्हती. तो नियम भातालाही लागू आहे का, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. स्वतः ते दूधपावावर भागवत होते.

तपासणी दुसऱ्या दिवसावर आली. हातचं राखून ठेवायची वेळ गेली, असं म्हणून रंगवाल्यांनी लोणी, लिंबू, मिरी, लसूण, कांदा सगळं एकाच वाटीत एकत्र केलं, आणि प्रत्येक वेळी मीठ घालायचं राहिलंसं वाटून मीठही घातलं. त्यातले दोन घास बायकोने खाल्ले. "छान आहे," म्हणाली.

रंगवाल्यांनी वाटी ओट्यावर आपटली, नवा भात गॅसवर चढवला आणि बायकोला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. "लसूण संपलाय. मी आलोच. करपल्याचा वास आला तर तेवढा गॅस बंद कर."

"बरं," बायको म्हणाली.

खाली वाण्याकडे गर्दी होती. लसूण घेऊन परत फिरताना जिन्यात मेव्हणी भेटली. दोघं पहिल्या मजल्यावर पोचतात न पोचतात तोच मेव्हणीने नाक वर केलं.

"भावोजी, कुणाचं तरी जळतंय."

"शेजारच्यांचं असेल. आमच्याकडे ही बसलीय ना गॅसपाशी!"

दार उघडलं तर वासाने डोकं भणाणलं. मेव्हणीने धावत जाऊन गॅस बंद केला. बायको खिडकीशी, गॅसकडे पाठ करून, रस्त्यावरची रहदारी पाहत शांत बसली होती. पाठीमागे हातभरावर पातेलं करपत होतं!

"अगं ताई! वास नाही आला तुला?"

बायकोने वळून पाहिलं. एकदम तिचा चेहराच उतरला.

मेव्हणीची नजर ओट्यावरच्या वाटीकडे गेली. तिने बोटाने चार शितं तोंडात टाकली आणि तशीच मोरीकडे पळाली. चुळा भरून परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हे खाल्लंस तू?"

"आणि वर छान म्हणाली!" रंगवाले म्हणाले.

"मला काय कळतंय?" बायको हळूच म्हणाली. "तापापासून वास नाही, चव नाही. लिंबू काय, लसूण काय, सगळं सारखंच. तोंडात ओला कापूस कोंबल्यासारखं वाटतं."

"मग बोलली का नाहीस!" रंगवाले ओरडलेच.

"बोलले असते तर डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी ठेवून घेतलं असतं. त्या नळीची मला भीती वाटते हो. आणि तुम्ही रोज एवढ्या हौसेने वाटी घेऊन यायचात. काय सांगू?"

रंगवाल्यांना राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. इतके दिवस ते रंग मिसळत राहिले आणि समोरच्या माणसाला दिसतंय का, हे विचारायचंच राहिलं. त्यांना रडू आलं, आणि ते लपवायलाही त्यांना सुचलं नाही.

मेव्हणी पातेलं खरवडायला घेऊन बसली. वरचा भात करपल्या वासाने वाया गेला होता, पण तळाला एक जाड, तांबूस खरवड धरली होती. उलथन्याने ती निघाली ती कुर्रर्र आवाज करत. बायकोने कान टवकारले.

"ते दे बघू जरा."

"हे? अगं, करपलंय!"

"दे तर."

तिने तुकडा तोडला. कुडुम! मग दुसरा. "हे कळतंय," ती म्हणाली. "दाताला कळतंय, कानाला कळतंय." आणि तिने सगळ्या पातेल्याची खरवड एका बैठकीत फस्त केली. रंगवाले आणि मेव्हणी, कुणी सिनेमा पाहावा तसे, पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या, तापानंतर असं होतं, चव हळूहळू परत येईल, तोवर जे कुरकुरीत लागतं ते भरपूर द्या. वजन वाढलं नव्हतं, पण कालच्या खरवडीमुळे म्हणा, उतरलंही नव्हतं. नळी टळली.

रंगवाले छाती पुढे काढून घरी आले. "आता बघच, कशी खरवड धरते ती!" त्यांनी तांदूळ धुतले, मोठ्या आचेवर ठेवले, आणि हातावर घड्याळ घालून पातेल्यासमोर मुद्दाम खुर्ची टाकून बसले. जरा वास आला की हात मात्र आपोआप आच कमी करायचा.

बऱ्याच वेळाने त्यांनी ताट आणून पुढे ठेवलं. मोकळा, शुभ्र, शीत न् शीत सुटं, कुठे डाग नाही. असा भात त्या घरात आजवर कुणाच्या हातून झाला नव्हता.

बायकोने भाताकडे पाहिलं, मग त्यांच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं. निमूटपणे एक घास घेतला, मग दुसरा, मग तिसराही.

"असू दे," ती त्यांच्या हातावर थोपटत म्हणाली, "उद्या मात्र जरा लक्ष देऊन करपवा."