अण्णासाहेबांचा सव्वा महिना

मुंबईहून इलाज करून अण्णासाहेब मंठ्याच्या घरी परतले, तर त्यांच्या खाटेखाली शेगडी पेटलेली आणि निखाऱ्यांवर ओवा तडतडतोय.

"अगं, ही धुरी कोणाला?"

"तुम्हाला. पडा गुमान," कांताबाई म्हणाली.

तीस वर्षं हेडमास्तरकी केलेले अण्णासाहेब गुमान पडले.

त्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग ऑपरेशन होऊनही उलटला होता. म्हणून चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या डॉक्टरांनी नवाच इलाज केला. आत नळी घालून ती गाठ बर्फासारखी गोठवून टाकली. आजार गेला की राहिला, हे तीन महिन्यांनी कळणार होतं. पण सोबत गेलेल्या दिरानं 'गोठवलं' एवढं सांगताच कांताबाईनं पदर खोचला. गारठलेल्या अंगाचं काय करायचं हे तिला बराबर ठाऊक होतं. गल्लीतल्या चाळीस बाळंतिणी तिनं शेकून उभ्या केल्या होत्या. हा एक्केचाळिसावा.

शेजारची मालनबाई डिंकाच्या लाडवांसाठी खारीक-खोबरं घेऊन आली. "गुरुजी, पोरगा का पोरगी?"

अण्णासाहेबांनी कांताबाईनं बाळंतिणीसारखी बांधलेली कानपट्टी डोळ्यांवर ओढली. त्यांना धास्ती वेगळीच होती. एवढ्या लांब जाऊन गोठवून आणलेलं ही बाई इथं वितळवणार, आणि आजार तिसऱ्यांदा उठणार! तिची पाठ वळली की ते ओला पंचा पोटावर ठेवत. पाऊल वाजलं की पंचा उशीखाली.

कांताबाई ओली झालेली उशी वरूनच चाचपून खूश होई. "बघा, कसा घाम सुटून राह्यला! गारठा निघून राह्यला." आणि आणखी निखारे घाली. मग अण्णासाहेब पंचा आणखी भिजवत.

तीन महिन्यांनी दोघं मुंबईला गेली. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले. "छान. आजाराची खूण दिसत नाही."

"माझ्या ओल्या पंच्यानं गोठवलेलं टिकलं," अण्णासाहेब छाती काढून म्हणाले.

"पंचा? मंग तो घाम न्हवता?" कांताबाई कडाडली. "अवो, माझ्या शेगडीनं वाचलात तुम्ही!"

डॉक्टर हसले. "गाठ गोठवून मारली, की ती तिथंच टेबलावर वितळू देतो आम्ही. तुम्ही घरी गेलात तेव्हा आत बर्फाचा कणही नव्हता."

अण्णासाहेबांची छाती खाली बसली. कांताबाईची बसली नाही.

"म्हंजे शेवटी तुम्हीबी ऊबच दिली की, डॉक्टरसाहेब! फक्त जल्दी केली. बाकीची मी पुरी केली."

बाहेर पायऱ्या उतरताना अण्णासाहेबांनी हळूच विचारलं, "ते डिंकाचे लाडू उरलेत का गं?"

"उरलेत. पर मालनबाईच्या सुनेला नववा लागलाय, ते तिला जातील," कांताबाईनं त्यांची कानपट्टी सोडून पिशवीत टाकली. "तुमचा सव्वा महिना कवाच सरला."