जाळी खाली

सिंगापुरात सेंगकांगला आमच्या ब्लॉकच्या बाराव्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. त्यातल्या सबनीस काकांच्या कॉरिडॉरकडच्या खिडकीला आतून एक जाळी लावलेली आहे, जाड काळ्या नायलॉनच्या पट्ट्यांची. रोज सकाळी साडेसातला काका वरचा खटका दाबतात आणि जाळी धपकन खाली पडते. रात्री झोपताना ते ती परत वर अडकवतात. त्या भोकांतून डास जोडीजोडीने आत येऊ शकतात, आणि चोराला अडवायला लोखंडी गेट आहेच. शेजारच्या चिनी आंटींनी एकदा न राहवून विचारलं, "अंकल, यू गॉट कॅट आह?"

"नो कॅट," काका गंभीरपणे म्हणाले. "ड्रायव्हर."

ड्रायव्हर म्हणजे ते स्वतः. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून जाळीचा कायदा समजावून सांगितला होता. "शर्यतीच्या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूला काच नसते, मधुरा. अशी जाळी असते. गाडी आपटली की ड्रायव्हरने आपल्या हाताने ती खाली पाडायची. जाळी खाली म्हणजे मी ठीक आहे. जाळी वर राहिली तर अँब्युलन्स पळते. मी इथे एकटा राहतो. आठपर्यंत जाळी खाली दिसली नाही, तर अँब्युलन्स तू."

आईवडील पुण्यात, नोकरी बुओना व्हिस्टाला, आणि बसल्या जागी मी अँब्युलन्स झाले. तीन वर्षं झाली. रोज आठला ऑफिसला निघताना कुलूप लावते आणि मान वळवून बघते. जाळी खाली असते. मग मी लिफ्टकडे जाते.

काकांचा धंदाच घाबरण्याचा आहे. आधी चिंचवडच्या कारखान्यात आणि गेली बावीस वर्षं आंग मो किओच्या एका कंपनीत ते नव्या वस्तू मोडून बघतात. वस्तू टेबलावरून पाडायची, तापवायची, गोठवायची, हलवत ठेवायची आणि कुठे तुटते ते लिहायचं. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की त्यांचा एकच प्रश्न असतो, "हे फेल कुठे होईल?" आमच्या नव्या पलंगाला त्यांनी तो विचारला. माझ्या नवऱ्याच्या नव्या नोकरीला विचारला. दिवाळीत मी चकल्या दिल्या तर एक उचलून दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "तिसऱ्या वेढ्याला." तिथेच मोडली. सरकत्या जिन्यावर ते दोन्ही हातांनी कठडा धरतात. एमआरटीच्या फलाटावर दारं काचेच्या भिंतीत बंद असतात, तरी ते पिवळ्या रेषेपासून चार पावलं मागे उभे राहतात.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी शर्यतीच्या गाड्या चालवते.

मुक्ता अमेरिकेत मेकॅनिकलचं शिकायला गेली. तिथे शनिवार-रविवार कुणाच्या तरी गॅरेजमध्ये चाकं धुऊ लागली, आणि दोन वर्षांनी स्वतःच गाडीत बसली. स्टॉक कार म्हणतात त्या गाड्यांना. दिसायला घरच्या मोटारीसारख्या, आत नुसता लोखंडी पिंजरा. लहानशा अंडाकृती ट्रॅकवर वीसेक गाड्या एकमेकींना घासत गोल गोल धावतात. तिकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ. कुणीतरी ते सगळं इंटरनेटवर थेट दाखवतं, आणि दर रविवारी सातला काका मला बोलावतात.

कारण ते स्वतः बघत नाहीत. टीव्हीकडे पाठ करून, देव्हाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि मी सांगायचं. मुक्ताची गाडी बावीस नंबरची, एवढं सोडलं तर मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही.

"काका, बावीस नंबर... डावीकडे वळली."

"सगळ्या डावीकडेच वळतात, मधुरा. पुढे सांग."

आणखी एक. काकांच्या घरात शेंगदाणा येत नाही. पोह्यांत नाही, कोशिंबिरीत नाही, चटणी म्हणाल तर जवसाची. मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात दाण्याचा डबा नाही हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते घर लुटल्यासारखं वाटलं. तिकडच्या शर्यतवाल्यांत म्हणे शेंगदाणा अशुभ. फार जुन्या काळी मोडलेल्या गाड्यांमध्ये शेंगांची टरफलं सापडायची, तेव्हापासून.

"काका, तुम्ही इंजिनिअर," मी म्हटलं. "तुमचा विश्वास आहे यावर?"

"अजिबात नाही. पण टेस्ट करून बघायला माझ्याकडे दुसरी मुलगी नाही."

मागच्या महिन्यात मुक्ताची गाडी भिंतीला घासली. फोनवर म्हणाली, काही नाही बाबा, मान आखडलीये जरा. काकांनी ते ऐकून घेतलं आणि मला येऊन सांगितलं, "पाच मिनिटांत तिने मला दोनदा विचारलं, जेवलास का. शब्द शोधत होती." डोक्याला मार बसला होता हे त्यांना कळलं होतं. ते बरं व्हायच्या आत दुसरा बसला तर काय होतं, तेही त्यांनी वाचून ठेवलं होतं. पण तिकडे थांबायची रीत नाही. फासळ्या मोडल्या तरी पट्टी बांधून गाडी चालवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांच्या गोष्टी तिथे कौतुकाने सांगतात. शिवाय गाडी मुक्ताची नाही. दारावर गवत कापायची यंत्रं विकणाऱ्या दुकानाचं नाव आहे आणि पैसाही त्याच दुकानाचा. एक शर्यत चुकली तर दारावरचं नाव तेच राहतं, आत दुसरा बसतो.

"तिला थांब म्हणा ना," मी म्हटलं.

"म्हटलं. मी ठीक आहे, म्हणाली."

त्या रविवारी माझी संकष्टी होती. मी साबुदाण्याची खिचडी केली आणि डबा घेऊन काकांकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं आणि हात मागे घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हाताला सवय असते, दाण्याचं कूट घालताना कोण विचार करतं? मी सॉरी म्हणत डबा आमच्या घरी ठेवून आले. ते म्हणाले, "असू दे गं." पण देव्हाऱ्याकडे वळताना त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती.

शेवटच्या काही फेऱ्या राहिल्या होत्या. पुढची एक गाडी आडवी झाली, मागची तिच्यावर आदळली, आणि त्या धुरात बावीस नंबर शिरली. बाहेर आली ती उलटी सरकत, आणि थेट भिंतीवर गेली.

"मधुरा?"

"आपटली, काका."

"जाळी?"

लांबून दिसत होतं. काळी खिडकी. वाफ. एक माणूस पळत निघाला होता. जाळी वर होती. मला फक्त ती खिचडी दिसत होती, दाण्याच्या कुटाने माखलेली.

"जाळी, मधुरा."

"पडली," मी म्हणाले.

"नाही पडली," काका पाठमोरेच म्हणाले. "टीव्हीवरचे बोलणारे गप्प आहेत अजून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्या खिडकीत हातमोजा दिसला, चाचपडला आणि जाळी खाली पडली. टीव्हीवर टाळ्या वाजल्या. "आता खरंच पडली, काका," म्हणताना मला रडू आलं.

काका वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना त्या टीव्हीकडे बघताना पाहिलं. मुक्ता गाडीतून बाहेर आली, लोकांना हात केला, दोन पावलं चालली आणि थांबून तिने गाडीला हात टेकला.

"जाळी पाडायला उशीर लागला तिला," ते म्हणाले. "आणि जाळी काय, ड्रायव्हर पाडतो. ती ठीक आहे हे मला कुठे कळलं? ती तसं म्हणतेय, एवढंच कळलं."

तासाभराने तिचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला. मी उठायला लागले तर हाताने बस म्हणाले.

"बाबा, मी एकदम ठीक आहे. पुढच्या शनिवारी आहे मी. तू घाबरला नाहीस ना? जेवलास का?"

"मुक्ता, मी ठीक नाहीये."

काकांनी फोन आणखी जवळ ओढला.

"तुझी आई गेल्यापासून नाहीये. तू विचारतेस, मी मजेत म्हणतो. रोज सकाळी त्या मधुरासाठी जाळी पाडतो आणि परत जाऊन पलंगावर बसतो. कंपनीत लोक विचारतात, हात का कापतात. कॉफी जास्त झाली म्हणतो. मला फार भीती वाटते गं, सगळ्याची. हे तुला सांगितलं नाही, कारण तू गाडी चालवत असतेस. आता मी सांगितलंय. तू सांग."

मग ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

"बाबा, मला उजेड सहन होत नाहीये. मागच्या महिन्यापासून. आणि आत्ता मला आठवेना की जाळी कशी पाडतात."

"कोण आहे जवळ? त्याला फोन दे," काका म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एक अक्षर कापत नव्हतं. पलीकडच्या माणसाला त्यांनी मागच्या महिन्याच्या मारापासून सगळं सांगितलं आणि तिला हॉस्पिटलात न्यायला लावलं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना पाण्याचा ग्लास धरता आला नाही. मी धरला.

सोमवारी आठला मी कुलूप लावलं, मान वळवली, आणि जाळी वर होती.

तीन वर्षं मी या क्षणाला घाबरत होते आणि तो आल्यावर मला गेटची कडी सापडेना. मी गेट बडवलं, काका, काका म्हणून हाका मारल्या. चिनी आंटी बाहेर आल्या. अखेर आतून चपला घासत आल्या आणि दार उघडलं. काका बनियनवर होते, दाढी वाढलेली.

"काका, जाळी..."

"आज नाही पाडली."

"का?"

"ठीक नाहीये म्हणून. आत ये."

मी बॅग दाराशीच टाकली. डॉक्टरांनी मुक्ताची गाडी वर्षभरासाठी बंद केली होती. दुकानदाराने दुसरा मुलगा शोधलाही होता. काकांनी हे सगळं स्वयंपाकघरातून सांगितलं आणि दोन बशा घेऊन आले. पोहे होते, आणि पोह्यांत शेंगदाणे. जरा करपलेले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काल तुझं तोंड बघवत नव्हतं," ते म्हणाले. "त्या खिचडीने काही झालं नाही, हे तुला कळायला हवं. म्हणून संध्याकाळी जाऊन आणले. खा."

मी खाल्ले. बशी संपत आल्यावर माझं लक्ष त्यांच्या बशीकडे गेलं. पोहे संपले होते. दाणे एकेक करून कडेला काढून ठेवले होते.

मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. बशी जराशी आपल्याकडे ओढून ते म्हणाले, "डोकं दुखतंय अजून तिचं."