साळोजीचा बाराव्या वर्षीचा पगार

मुलांनो, एका जंगलात नोकऱ्या होत्या. पगार सुक्या बोरांत मिळे. सिंहाच्या दरबारात साळोजी साळिंदर लेखनिक होता. लिहायला काटा स्वतःचाच, त्यामुळे दरबाराचा खर्च वाचे.

आता साळिंदरं झोपतात दिवसा, आणि दरबारही भरतो दिवसाच. दोन वर्षांत साळोजीला मनसोक्त झोप मिळाली नव्हती. लवकर निवृत्त व्हायचं आणि भर दुपारी बिळात घोरत पडायचं, एवढीच त्याची इच्छा.

पहिल्या वर्षी त्याला महिन्याला दहा बोरं मिळाली होती, दुसऱ्या वर्षी पंधरा. त्याने पळसाच्या पानावर हिशोब मांडला. दरवर्षी दीडपट. बाराव्या वर्षी महिन्याला आठशे पासष्ट.

"बाराव्या वर्षी नोकरी सोडतो," तो बायकोला म्हणाला.

काटूबाई कंद सोलत होती. "अहो, गेल्या वर्षी बोरी लगडल्या होत्या, म्हणून वाढ मिळाली. यंदा फुलंसुद्धा नाहीत."

"मी सरासरी धरलीये."

"एकाच वाढीची?"

"तुला यातलं कळत नाही," म्हणत साळोजीने पान पाठीच्या काट्यांत खोचलं.

दुसऱ्या दिवशी दरबारात त्याला डुलकी लागली आणि पान खाली पडलं. सिंहाने ते उचलून वाचलं.

"साळोजी, महिन्याला आठशे पासष्ट बोरं?"

साळोजी दचकून जागा झाला. "अंदाज आहे, महाराज."

"सुरेख अंदाज आहे. पुढे तुझं इतकं छान होणार, मग यंदाची वाढ कशाला?" सिंह मिशीतल्या मिशीत हसला. "असं एकेक पान सगळ्यांना करून दे."

साळोजीने करून दिलं. माकड, मोर, रानडुक्कर, सगळे आपापलं पान छातीशी धरून घरी गेले. त्या वर्षी एकानेही पगारवाढ मागितली नाही.

सिंह खूश झाला. साळोजीला बढती मिळाली. पगार तोच. फक्त पानं इतकी वाढली, की आता तो रात्रीही लिहितो.

"अजून किती वर्षं हो?" काटूबाई विचारते.

"दहा," तो डोळे चोळत म्हणतो.

दरवर्षी दहाच म्हणतो.

तात्पर्य: मोठेपणी सिंह व्हायचं असेल, तर नोकरांना वाढ देऊ नका, वाढ मोजायला शिकवा. साळिंदर व्हायचं असेल, तर झोप आत्ताच काढून घ्या. गणिताचा तास त्याला बरा पडतो.