झाकणावर उभी राहा

रविवारी सकाळी आप्पांनी बूट घातले, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला आणि दाराशी थांबून विचारलं, "येतेस ना? अर्ध्या तासाचं काम आहे."

मुलगी इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "आप्पा, मी एक्केचाळीस वर्षांची आहे."

"मग? वयाची अट कुठे आहे?"

"उभं राहायला दुसरं कुणीतरी बघा आता."

"दुसरं कुणी कशाला उभं राहील?"

"मग मी तरी कशाला राहू?"

आप्पांनी यावर खरोखर विचार केला. मग बुटाची नाडी पुन्हा एकदा बांधली. "बरं. आज एकटा जाऊन बघतो," म्हणाले आणि जिना उतरले.

आप्पांनी बस डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर सगळी नोकरी काढली. लोकांना छत्र्या परत देता देता त्यांना लोकांकडे बघायची सवय लागली आणि मग कॅमेऱ्याची. फोटो काढायचे ते फक्त रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे, तेही त्यांना कळू न देता. जांभई देणारा, खिसे चाचपणारा, स्वतःशीच भांडत चाललेला. "कळलं की संपलं," ते म्हणत. "कळलं की माणूस लगेच पोट आत घेतो."

कळू न देण्याची त्यांची एक युक्ती होती आणि ती युक्ती म्हणजे मुलगी. चपलांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर गटाराचं एक गोल लोखंडी झाकण आहे, ती सात वर्षांची असल्यापासून त्यावर ते तिला उभं करत. "झाकणावर उभी राहा, माझ्याकडे बघ आणि हास." बाप लेकीचा फोटो काढतोय म्हटल्यावर रस्त्याला काय हरकत असणार? भिंग मात्र जरासं बाजूला वळलेलं असे, तिच्या खांद्यावरून मागच्या माणसावर.

घरात असे चौदा अल्बम होते. त्यांत अख्खं गाव होतं आणि प्रत्येक फोटोच्या कडेला, धूसर, एक डावा कान होता. आधी लहान मुलीचा, मग दोन वेण्यांमागचा, मग कानातलं घातलेला. एखाद्या कानाच्या वाढीची इतकी चोख नोंद जगात दुसरी नसेल. पण शाळेच्या ओळखपत्राला फोटो हवा होता तेव्हा तिला फोटोवाल्याकडे जावं लागलं, कारण ओळखपत्राला नुसता कान चालत नव्हता. एक तरी माझा काढा, असं तिने आप्पांना कधी म्हटलं नाही. सातव्या वर्षी तिला वाटायचं, ते आपणहून काढतील. सतराव्या वर्षी अभिमान आडवा आला. चाळिशीत सवय झाली.

आप्पा दुपारी एक वाजता परतले.

"मिळाले का काही?" तिने विचारलं.

"मिळाले की. नऊ काढले."

"कुणी हटकलं नाही ना?"

"छे. उलट आज लोकांनी फार लक्ष देऊन बघितलं माझ्याकडे." मग चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "चपलांच्या दुकानाला रंग दिलाय. निळा. बघायला हवा होतास."

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. तिने चहा दोन कप केला होता.

महिनाभराने, कपाटावरची धूळ पुसताना तिने कॅमेरा खाली घेतला आणि फोटोवाल्याकडे नेला. चाळीस वर्षांपूर्वी ओळखपत्राचे फोटो काढणारा आणि आता जवळजवळ कुणाचेच न काढणारा तो गृहस्थ आप्पांचे रोल मात्र शेवटपर्यंत धुऊन देत होता. त्याने कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला.

"आत रोल आहे. सत्तावीस झालेत, नऊ बाकी."

"आहे तेवढाच धुऊन द्या."

"देतो की. यंत्राला काय कळतंय. पण तुमच्या वडिलांनी अर्धा रोल कधी माझ्या हातात ठेवला नाही. एकदा छत्तिसावा राहिला म्हणून माझ्या पायरीवर बसून राहिले. समोरचा एक माणूस शिंकला, तेव्हा कुठे आत आले."

तिने कॅमेरा पुन्हा पिशवीत टाकला. आप्पांनी त्या रविवारी काढलेल्या नऊ फोटोंत तिला काय बघायचं होतं ते तिने फोटोवाल्याला सांगितलं नाही. त्या सकाळी आपल्यावाचून आप्पांचं काही अडलं नाही, एवढंच तिला बघायचं होतं. ते एकदा डोळ्यांनी दिसलं की इस्त्री करताना दरवेळी ते दार, ती नाडी आठवणार नाही, अशी तिची समजूत होती.

म्हणून पुढच्या रविवारी ती चपलांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. दुकान खरंच निळं झालं होतं. काचेशी एक बाई पिशवी सावरत सँडल बघत होती. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. त्या जुन्या कॅमेऱ्याचा आवाज कडी लावल्यासारखा येतो, हे ती विसरली होती. बाई वळली.

"माझा काढलात?"

"नाही. म्हणजे, हो."

"कशासाठी?"

"सहज."

"सहज कोण काढतं? कुठल्या खात्यातल्या तुम्ही?"

"खात्यातली नाही हो. मी ग्रंथालयात असते."

बाईचा चेहरा उतरला. "सात महिने झाले, मान्य आहे. पण त्यासाठी माणसं पाठवायची, फोटो काढायचे, ही काय पद्धत झाली? पुस्तक आहे घरी. पलंगाखाली आहे. आणते."

"अहो, तसं नाही," असं ती म्हणेपर्यंत बाई रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

मग तिच्या लक्षात आलं की आप्पांची युक्ती बरोबर होती. हे एकट्याने जमणारं काम नाही. झाकणावर कुणीतरी लागतं. शेजारच्या बाकावर मफलर गुंडाळून एक काका वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते.

"काका, दोन मिनिटं त्या झाकणावर उभे राहाल का? फोटोसाठी."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "झाकण पक्कं आहे ना?"

"चौतीस वर्षं उभी होते मी त्यावर."

काका उभे राहिले. मफलर काढला, पुन्हा घातला, खिशातून कंगवा काढून जे काही होतं ते विंचरलं. "दात दिसू देऊ?"

"कसंही चालेल. फक्त माझ्याकडे बघा."

काकांच्या मागे किल्लीवाला आपल्या यंत्रावर वाकून किल्लीवरचा भुगा गाल फुगवून फुंकत होता. अशा गालासाठी आप्पा आठवडाभर थांबले असते. तिने भिंग हळूच काकांच्या कानावरून पुढे नेलं, बटण दाबलं आणि त्याच क्षणी काका दीड फूट सरकले.

"हललात का काका?"

"तुमचा कॅमेरा बाजूला चालला होता. नवीन दिसता. म्हटलं, आपणच सांभाळून घ्यावं."

दुसऱ्यांदाही त्यांनी सांभाळून घेतलं. तुमचा नाही, मागच्याचा काढायचाय, हे त्यांना कसं सांगावं ते तिला कळेना. आप्पांनी तिला तरी कुठे सांगितलं होतं? दहाव्या वर्षी अल्बम बघून तिचं तिलाच कळलं होतं.

"बरा आला तर हयातीच्या दाखल्याला लावतो," काका म्हणाले. "दरवर्षी पुरावा मागतात, मी आहे याचा. घरी विचारलं तर तिथेही शंका आहे."

शंका असलेली व्यक्ती तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन आलीच. "हे काय चाललंय? तुम्हाला वर्तमानपत्र आणायला पाठवलं होतं."

"फोटो काढून घेतोय."

"एकट्याचा?"

या प्रश्नाला चाळीस वर्षांच्या संसाराचा इतिहास असावा, कारण काका लगेच झाकणावर अर्धी जागा करून उभे राहिले. झाकण दोघांना पुरत नव्हतं, म्हणून काकूंनी त्यांचा दंड धरला. "लग्नानंतर एकत्र असा पहिलाच हा," काकू म्हणाल्या. "लग्नात यांनी डोळे मिटले होते." फोटो निघाला. काकांनी याही वेळी डोळे मिटले.

"ताई," किल्लीवाला यंत्र बंद करून उठला, "मघापासून बघतोय. काकांचे दोन झाले, काकूंचा झाला. आमच्याकडे एकदा वळून बघायचीसुद्धा तयारी नाही."

ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, त्याची ही तक्रार. तिने कॅमेरा त्याच्याकडे वळवला. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरला आणि पोट आत घेतलं. त्याचा निघतोय तोवर बँकेचा रखवालदार आला.

"इथे फोटो काढायची परवानगी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. आता तिला अटकसुद्धा चालली असती. निदान फोटो थांबले असते.

रखवालदाराने मागे बँकेकडे आणि पुढे झाकणाकडे बघितलं. "गणवेशात काढला तर चालतो. बँक मात्र पूर्ण आली पाहिजे." त्याचा बँकेसकट काढला. मग पिशवीवाल्या बाई पलंगाखालचं पुस्तक घेऊन धापा टाकत आल्या आणि पुस्तक परत करतानाचा फोटो हवाच म्हणून अडून बसल्या. पुन्हा कुणी म्हणायला नको. त्यानंतर काकूंनी ठरवलं की इतके जमलोच आहोत तर सगळ्यांचा एक होऊन जाऊ दे. पंधरा मिनिटांपूर्वी ज्या रस्त्यावर कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तिथे उंचीनुसार दोन रांगा लागल्या.

"किती राहिले?" काकांनी विचारलं.

"एक."

"मग तुमचा? तुमचा कुणी काढला?"

"माझा नाही काढत कुणी."

"असं कसं? इकडे द्या. उभ्या राहा झाकणावर."

ती उभी राहिली. काकांनी एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला, आणि छत्तिसावा फोटो निघाला. सगळे पांगले. किल्लीवाल्याने यंत्र सुरू केलं, काकूंनी काकांना वर्तमानपत्रासकट नेलं. झाकणावर ती एकटीच होती, हातात सात महिने उशिरा आलेलं पुस्तक घेऊन.

आठवड्याने फोटोवाल्याने काउंटरवर फोटो ओळीने मांडले. पहिले अठरा उन्हाळ्यातले, नेहमीचे. मागे माणसं स्वच्छ, कडेला कान. त्यानंतर आप्पांच्या शेवटच्या रविवारचे.

पहिल्यात एक गृहस्थ थेट कॅमेऱ्यात रोखून बघत होते. दुसऱ्यात दोन बायका, चारही डोळे कॅमेऱ्यात. तिसऱ्यात टोपीवाला, कपाळाला आठ्या. चौथ्यात हाच टोपीवाला, जास्त जवळ. पाचव्यात बहुतेक त्याचाच तळहात. सहाव्यात रस्ता तिरका झाला होता, म्हणजे आप्पा चालायला लागले होते. सातव्यात रखवालदार बोट दाखवत होता. आठव्यात किल्लीवाला काम सोडून, तोंड उघडं टाकून बघत होता.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा," फोटोवाला म्हणाला, "एकही माणूस बेसावध नाही. झालं काय होतं त्यांना?"

लोकांनी फार लक्ष देऊन बघितलं माझ्याकडे. तिला ते वाक्य, तो चहाचा कप आठवला आणि ती हसायला लागली. पुष्कळ वेळ हसली. फोटोवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो हसणाऱ्या माणसाला देतात तसा नव्हता. त्यांचं अडलं होतं. चांगलंच अडलं होतं, आणि घरी येऊन त्यांनी ते तिला कळू दिलं नव्हतं.

"आणि हा तुमच्या वडिलांचाच ना?" त्याने शेवटचा फोटो पुढे केला. मधोमध कचऱ्याची टोपली, अगदी स्वच्छ. कडेला डावा कान.

"नाही. बाकावरच्या एका काकांनी काढला."

"हात तोच आहे."

तिने फोटो गोळा केले, मोजले. "पस्तीसच आहेत."

"एक बाजूला ठेवलाय. वाया गेलेला." त्याने खणातून तो काढला. "सत्ताविसावा. एवढा जाणकार माणूस, पण भिंग तीन पावलांवर लावून बसले. मागची माणसं सगळी धूसर आणि समोर तर काहीच नाही."

समोर झाकण होतं. फोटोच्या बरोबर मधोमध, कडेला नाही. त्याच्यावरची नक्षी, घासून गुळगुळीत झालेला भाग, सगळं स्पष्ट. झाकणाच्या वर, एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडलेली. मागे निळं दुकान आणि कुणी कुणी माणसं, पुसट, कडेला ढकललेली.

"टाकू का?" फोटोवाल्याने विचारलं.

"नको. माझा आहे तो."

परत जाताना ती चपलांच्या दुकानासमोर थांबली. काका बाकावर होते, मफलर आणि तेच पान.

"आज कॅमेरा नाही आणला?"

"नाही."

"मग झाकणावर कशाला उभ्या?"

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. तीन पावलांवर, जिथे आप्पा उभे राहत, तिथे आता कुणी नव्हतं, लोक त्या जागेवरून येत-जात होते. तिने केस डाव्या कानामागे सारले, हात सरळ खाली सोडले आणि रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "आप्पा, माझा पण एक काढा ना."