शून्य माणसांची टाकी

१९५८च्या उन्हाळ्यात भिलाईच्या एका मजूर-कॅम्पात पाण्याची टाकी बांधायचं ठरलं. खड्डा खणून झाला, चोवीस माणसं कामाला लागली, आणि मग वरून विचारणा आली की टाकी किती दिवसांत होईल. उत्तर आलेखाच्या स्वरूपात हवं होतं.

आलेख काढायचं काम चंपत मेश्रामकडे आलं. तो ठेकेदाराच्या कार्यालयात नकाशे उतरवायचा. भंडाऱ्याकडून आलेल्या मजुरांच्या वस्तीत टेबल-खुर्ची मिळालेला तो पहिलाच माणूस. इंटरपर्यंत गणित शिकलेला, आणि गणितावर त्याचा जीव होता.

त्यानं आधी जागेवर जाऊन पाहणी केली. गँगचा मुकादम त्याचा थोरला भाऊच होता, भय्याजी.

"चोवीस हाये म्हनतेत, पन काम करनारे वीसच," भय्याजी म्हणाला. "एक हाजरी लिहिते. एक लिहिनाऱ्याची हाजरी घेते. एक सायबाची छत्री धरते."

"अन् चौथा?"

"तो कावून हाये, हे पाहाले समिती बसली हाये."

चंपतनं हे समीकरणात बसवलं. माणसं क्ष धरली तर काम करणारे क्ष वजा चार. एक माणूस दिवसाला टाकीचा बाराशेवा भाग बांधतो. म्हणून दिवसाला होणारं काम, क्ष वजा चार भागिले बाराशे. त्याचा व्यस्त घेतला, म्हणजे वरचं खाली आणि खालचं वर केलं, की दिवस मिळतात: बाराशे भागिले क्ष वजा चार. चोवीस माणसांना साठ दिवस, चौदांना एकशेवीस, पाचांना बाराशे. बिंदू मांडून त्यानं सुरेख वक्र काढला. माणसं कमी होत चारांजवळ आली तसा तो वर वर चढत कागदाबाहेर गेला.

नियोजन अधिकारी शेषरावसाहेबांनी तो जागच्या जागी पकडला.

"ही रेघ कुठं गेली?"

"साहेब, चारच माणसं असली तर काम करणारं कुणी उरत नाही. खाली शून्य येतो, आणि शून्यानं भागता येत नाही. टाकी कधीच होत नाही. ही तुटक उभी रेघ काढलीय ना, वक्र तिच्या जवळ जवळ जातो, पण तिला भेटत नाही."

"या कार्यालयात 'कधीच' हा शेरा चालत नाही. 'विचाराधीन' लिहा."

चंपतनं लिहिलं. इथवर सारं नियमानुसार चाललं होतं. पण अर्धा आलेख सोडणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तुटक रेघेच्या डावीकडची दुसरी शाखाही त्यानं काढली होती. ती आडव्या अक्षाच्या खाली होती. शेषरावसाहेबांचं बोट तिच्यावर येऊन थांबलं.

"आणि हे?"

"ते नुसतं गणित आहे, साहेब. माणसं चाराहून कमी झाली की दिवस ऋण येतात. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच संपलं. त्याला अर्थ नाही."

शेषरावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादं काम मुदतीआधी संपल्याचं ते प्रथमच पाहत होते.

"तीन माणसं ठेवली तर?"

"बाराशे दिवसांपूर्वी झाली."

"तेव्हा इथं धानाची शेतं होती. आक्षेप निघेल. दोन?"

"सहाशे दिवसांपूर्वी."

"तेव्हा मी रुजू नव्हतो. श्रेय दुसऱ्याला जाईल. एकही नसेल तर?"

चंपतचा आवाज बारीक झाला. "तीनशे दिवसांपूर्वी, साहेब."

"गेल्या पावसाळ्यात. उत्तम."

दुसऱ्या दिवशी शून्य माणसांचा आदेश निघाला. वीस जणांना घरी पाठवलं. उरलेले चौघे, टाकी पूर्ण झालेली असल्यामुळे, तिच्या देखभालीवर गेले. भय्याजी फावडं खांद्यावर टाकून भावाच्या टेबलासमोर उभा राहिला.

"तुह्या रेघेनं आमाले काढलं म्हनतेत. खरं हाय का?"

चंपत उठून तडक साहेबांकडे गेला. "साहेब, तिथं अजून खड्डा आहे."

"आलेखावर दाखवा."

आलेखावर खड्डा नव्हता. पूर्णत्वाच्या दाखल्यावर आलेख काढणाऱ्याची सही लागत होती. चंपतनं लेखणी हातात घेतली. वस्तीत दुसऱ्या कुणाला खुर्ची नव्हती. त्यानं सही केली, आणि ती नेहमीपेक्षा सुबक आली.

त्याची बायको सत्यशीला रोज मैलभरावरच्या तलावातून पाणी आणायची. तिनं बायका गोळा करून तक्रार दिली. उत्तर आठवड्यात आलं: सदर कॅम्पास तीनशे दिवसांपासून पाणीपुरवठा सुरू असून, वापर प्रमाणाबाहेर आढळतो. काटकसर करावी.

"अवो, हे तुमचंच अक्षर हाय ना?" सत्यशीलानं विचारलं. तिनं हंडा उचलला.

पुढच्या महिन्यात टाकीवरून घरोघर नळजोडणी देण्याची योजना जाहीर झाली आणि अर्ज चंपतच्या टेबलावर ठेवले गेले. सकाळीच कार्यालयाबाहेर रांग लागली. फिटर, बाबू, अवजड सामान उचलणारे खलाशी, सगळे. ही माणसं जाब विचारायला आली असणार, असं वाटून चंपतला हायसं वाटलं. तो दारात उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझं ऐका! टाकी नाहीच. नुसता खड्डा हाये. सही माझीच हाये!"

"मालूम हाय ना," रांगेतून भय्याजीच बोलला. "आमीच खनला तो. माहा नंबर कितवा, थे सांग."

"अन् फिटर लाइनीले आमच्या आधी कावून?" एक बाबू ओरडला.

ढकलाढकली सुरू झाली. चंपतनं निमूटपणे अर्ज वाटायला घेतले. पहिला अर्ज त्यानं स्वतःसाठी बाजूला काढून ठेवला.

एक शिकलेसवरले गृहस्थ मघापासून बाजूला सावलीत उभे राहून हा सगळा प्रकार पाहत होते आणि मनापासून हसत होते. शेवटचे चार-पाच अर्ज उरले, तेव्हा ते रांग चुकवून हळूच खिडकीशी आले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्यापुरता एक निघेल का?"